वैशूचा प्रश्न

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मखमलाबादच्या फुलमळ्यांत कोणाला मान वर करायची फुरसत नसते. गोरक्ष खोडेच्या पडवीत झेंडूचा ढीग पडला होता. त्याची बायको सुवर्णा आणि आई सिंधुबाई समोरासमोर बसून माळा ओवत होत्या, आणि गोरक्ष टेम्पोची वाट बघत आत-बाहेर करत होता. माळा ओवण्यात घरात सगळ्यांत चपळ हात अकरा वर्षांच्या वैष्णवीचा. पण यंदा ती ढिगापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. ओल्या मेंदीचे हात धरावेत तसे दोन्ही हात तिनं अंगापासून दूर, हवेत धरले होते.

"वैशू, बैस की गं. सुई घे," सुवर्णा म्हणाली.

"नको. फुलांवर औषध हे."

"फवारून लय दिवस झाले त्याला. नि दरसाली तूच तर ओवतेस."

वैष्णवी आईकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मघाशी मी ओमजवळून गेले. माझा हात नाय ना लागला त्याला?"

ओम तिचा धाकटा भाऊ, नुकता चालायला लागलेला. तो पडवीच्या दुसऱ्या टोकाला पाकळ्या उधळत खुशीत बसला होता.

"नाय लागला."

"नक्की?"

"नक्की. अन् लागला तरी काय होतंय?"

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. वैष्णवीचा चेहरा पांढराफटक पडला. ती धावत मागच्या मोरीकडं गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ थांबलाच नाही.

या सगळ्याची सुरुवात नेमकी कधी झाली, ते सुवर्णाला सांगता आलं नसतं. पावसाळ्याच्या तोंडी शेजारच्या झुंबरभाऊंची शेळी फवारलेला कोबीचा पाला खाऊन मेली होती. वैष्णवीनं तिला तडफडताना पाहिलं होतं. पण तेव्हा ती नुसती रडली आणि लवकरच पुन्हा खेळायला लागली. मग कधीतरी शाळेतून आल्यावरचं हात धुणं वाढलं. सिंधुबाईंना आधी कौतुकच वाटलं. "आमची वैशू लय नेटकी हाय," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. मग साबणाची वडी बघता बघता संपायला लागली. मग दप्तर धुणं, चपला धुणं, दाराची कडी फ्रॉकच्या टोकानं धरणं. आणि मग तो प्रश्न.

"आई, ओमला काही झालं नाही ना?"

शाळेला निघताना, शाळेतून आल्यावर, जेवताना, वेणी घालताना, आई कपडे वाळत घालत असताना मागून पदर ओढून. सुवर्णा दर वेळी सांगायची, "नाही गं बाई, काही नाही झालं." ते ऐकलं की पोरीचे खांदे सैल पडायचे, चेहऱ्यावर जरा वेळ जुनी वैशू दिसायची. तेवढ्यासाठी सुवर्णा दिवसभर उत्तरं द्यायला तयार होती. पण तो जरा वेळ दिवसेंदिवस आखूड होत गेला. पुढं पुढं तर एक उत्तर पुरं व्हायच्या आत तोच प्रश्न पुन्हा यायचा.

गॅसवर दूध ठेवलं की जसा एक कान तिकडं लागलेला असतो, तसा सुवर्णाचा एक कान कायम मोरीकडं असायचा. मळ्यात असली तरी तिला नळाचे भास व्हायचे. वैष्णवीच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्यातून रक्त यायचं. शाळेत पेन धरवत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीआधी सुवर्णा तिला शहरात एका कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी मलम दिलं, पोरीशी दोन शब्द बोलले, आणि तिला बाहेर बसवून सुवर्णाला म्हणाले, "बाई, दुखणं हाताचं नाही. शरणपूर रोडला मुलांच्या डॉक्टर आहेत, मनीषा कुलथे. त्यांना दाखवा."

सुवर्णा लगोलग तिथं गेली. जिन्यापाशी पाटी होती. डॉक्टरांच्या नावाखाली 'बाल मनोविकार तज्ज्ञ' असं लिहिलं होतं. 'मनोविकार' वाचलं आणि तिचा पाय पहिल्याच पायरीवर अडखळला. वरून एक बाई आपल्या मुलाचा हात धरून खाली येत होती. ओळखीचं कोणी असेल या धास्तीनं सुवर्णानं तोंड फिरवलं, वैष्णवीला ओढलं आणि ती सरळ पंचवटी कारंजाची रिक्षा पकडून घरी आली. हे तिनं घरात कोणाला सांगितलं नाही.

घरात तर रोज नवीन काही ना काही होत होतं. एका संध्याकाळी गोरक्षनं वैतागून टाकीचा कॉक बंद केला. "बोअर आटत चाललीय नि ही टाकी रिकामी करतीय!" नळ थांबला तशी वैष्णवी फेसानं भरलेले हात घेऊन किंचाळायला लागली. शेजारची माणसं कुंपणापाशी आली. गोरक्षनं तिच्या थोबाडीत दिली. पोरीनं गालाला हात लावला नाही. हातावर जे काही होतं ते गालाला लागलं असतं. ती तशीच हात वर धरून रडत उभी राहिली. ते बघून गोरक्ष बाहेर जाऊन बांधावर बसला आणि जेवायला आला नाही.

सिंधुबाईंनी नातीला पंचवटीतल्या एका देवऋषीकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं आणि मनगटात काळा दोरा बांधला. वैष्णवी घरी येऊन तो दोराही धूत बसली. ओल्या दोऱ्यानं मनगट सोलून निघालं, तेव्हा सुवर्णानं तो कात्रीनं कापून टाकला. त्या दिवसापासून सिंधुबाई गप्प गप्पच असायच्या.

दिवाळी झाली. एका रविवारी गोरक्ष मार्केटला गेला होता, सिंधुबाई गावात एका बारशाला. फ्लॉवर काढायला आला होता. सुवर्णानं ओमला झोपवलं आणि वैष्णवीला सांगितलं, "मी इथंच खालच्या वाफ्यात हे. उठला तर हाक मार."

वैष्णवी म्हणाली, "मी एकटी?"

"त्यात काय? आत्ता येते."

पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते सुवर्णानं बघितलं, पण गाडीची वेळ होत आली होती.

हाक काही आली नाही. क्रेट भरून सुवर्णा घराकडं वळली तेव्हा तिला लांबूनच दार सताड उघडं दिसलं. आणि अंगणातल्या हौदाच्या बुटक्या कठड्यावर पोट टेकून, पाय हवेत सोडून ओम पाण्यावर हात मारत होता. ती कशी धावली ते तिचं तिला कळलं नाही. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं. पोरगं हसत होतं.

"वैशू!"

घरात कोणी नव्हतं. मोरी कोरडी होती. नळाचा आवाज नसल्याची एवढी भीती सुवर्णाला आयुष्यात वाटली नव्हती. ओमला काखेत मारून ती विहिरीकडं पळाली. वाकून बघायचं धाडस होईना. तिनं डोळे मिटले, कठडा धरला आणि मग उघडले. हिरवं पाणी शांत होतं. कडेला दोन चिमण्या कपारीत बसल्या होत्या. पाण्यावर काही नव्हतं. पण पाण्याखाली? "वैशूऽऽ!" तिनं हाक मारली.

मागून अगदी बारीक आवाज आला. "आई, मी इथं हे."

विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. सुवर्णा दारावर थापा मारायला लागली.

"उघड आधी! पोरगं हौदात पडलं असतं की!"

"पडला का? काही झालं का त्याला?"

"नाही झालं. दार उघड."

"तू त्याला घेऊन लांब जा. मग उघडते."

"का?"

आतून मुसमुसण्याचा आवाज आला. मग दाराच्या फटीतून, अडखळत अडखळत, वैष्णवी बोलली. "माझ्या डोक्यात येतं आई. ती औषधाची बाटली आणावी नि त्याच्या दुधात ओतावी, असं येतं. मला नाय करायचं गं. मला ओम लय आवडतो. पण ते येतंच. मी हात धुतले की जरा थांबतं, पुन्हा येतं. मी घरात असले तर मी त्याला मारीन. म्हणून मी इथं कडी लावून बसले."

ऐकताना सुवर्णाचा हात आपसूक ओमच्या पाठीवर घट्ट झाला, आणि ती एक पाऊल मागं सरली. फटीतून पोरीला ते दिसलं असेल का, या विचारानं पुढं कितीतरी दिवस तिला जेवण गेलं नाही. पण त्या वेळी ती लगेच परत पुढं आली. दाराला पाठ लावून खाली मातीतच बसली आणि ओमला मांडीवर घेतलं.

"बरं. मी इथंच बसते. तुला वाटंल तेव्हा उघड. तुला कोणी मारणार नाही, कोणी ओरडणार नाही."

उन्हं उतरायला लागली तेव्हा आतली कडी निघाली.

संध्याकाळी सुवर्णानं सगळं सांगितलं. त्या जिन्यावरून परत आल्याचंही सांगितलं. गोरक्ष ऐकता ऐकता काळवंडला.

"येड्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं पोरीला? गावात कळलं तर? उद्या तिच्या लग्नाला पोरगा मिळंल का?"

"अहो, आज ती विहिरीत सापडली असती तर?"

"तू उगं काहीतरी डोक्यात घेऊ नको. वय हे, जाईल निघून."

चुलीपाशी बसलेल्या सिंधुबाई एकदम बोलल्या. "नाय जात."

दोघंही त्यांच्याकडं बघायला लागले.

"माझी थोरली बहीण चंद्रभागा अशीच व्हती," सिंधुबाई म्हणाल्या. "हंडे घासायची. घासून झाले की पुन्हा घासायची. सासरच्यांनी येडी म्हणून आणून टाकली. बापानं गोठ्याच्या बाजूला एक खोली दिली. भाकर मी न्यायची. ती दाराआडून मला इचारायची, सिंधे, कोणाला काय झालं नाय ना गं? मी म्हणायची, नाय गं आक्का. पुन्हा इचारायची. शेवटी शेवटी मी भाकर ठिवून पळून यायची."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. "वैशूनं पयल्यांदा तसं इचारलं, तवाच मी वळखलं. म्हणून तर देवऋषाकडं पळाले. मला वाटलं, आलं हे आपल्या घरात." मग त्या लेकाकडं वळल्या. "गोरक्षा, तुला लाज वाटत आसंल तर तू नको येऊ. मी नि सुवर्णा नेतो तिला."

गोरक्ष उठून बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मोटरसायकल पुसून तयार उभा होता.

डॉक्टर मनीषा कुलथे वयानं सुवर्णाएवढ्याच असतील. त्यांनी आधी वैष्णवीला एकटीला आत घेतलं. बाहेर बाकावर सुवर्णा आणि गोरक्ष एकमेकांकडं न बघता बसले होते. आत पोरगी काय सांगत असेल, डॉक्टर काय म्हणतील, पोलिसांना तर कळवणार नाहीत ना, असलं काहीबाही सुवर्णाच्या मनात येत होतं. तिनं पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

मग त्यांना बोलावलं.

"वैष्णवी वेडी नाही," डॉक्टर पहिल्यांदा हेच म्हणाल्या, पोरीसमोर. "आणि ती ओमला काहीही करणार नाही. नको ते विचार सगळ्यांच्या मनात येतात. गच्चीच्या कडेला उभं राहिलं की, उडी मारली तर, असं तुमच्याही मनात कधी आलं असेल. आपल्या मनातून ते निघून जातं. हिच्या मनात अडकून बसतं. तिला ते इतकं नकोसं आहे, म्हणूनच ती इतकी घाबरते. या आजाराला ओसीडी म्हणतात. मुलांमध्ये बराच दिसतो, आणि त्यावर उपाय आहेत."

"त्या शेळीमुळं झालं का?" गोरक्षनं विचारलं.

"शेळीनं आजार दिला नाही. भीती आधीच हिंडत होती, तिला बसायला जागा मिळाली."

सुवर्णाला राहवलं नाही. "मग माझं काय चुकलं?"

"काही नाही, ताई. कोणाचंच काही चुकलेलं नाही. पण एक गोष्ट बदलावी लागेल. ती विचारते तेव्हा तुम्ही काय करता?"

"सांगते, काही नाही झालं म्हणून."

"आता सांगायचं नाही."

सुवर्णाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पोर जीव तोडून विचारणार आणि आईनं गप्प बसायचं?

"खाज सुटते तेव्हा खाजवलं की बरं वाटतं ना?" डॉक्टर म्हणाल्या. "पण जखम चिघळते. हात धुणं नि तुमचं उत्तर, दोन्ही तसंच आहे. भीती चढू द्यायची. ती चढते, चढते, आणि मग आपोआप उतरते. हे तिला स्वतः अनुभवायला मिळालं पाहिजे. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, पण तिला एकटीलाही सोडायचं नाही. जवळ बसायचं. हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. हो ना गं?"

वैष्णवीनं मान हलवली. "त्या विचाराचं नाव भुंगा ठेवलंय," ती म्हणाली.

घरी पहिल्यांदा करून बघायचं ठरलं ते शेवंती तोडायच्या दिवसांत. दुपारची वेळ. वैष्णवीनं एक फूल हातात घ्यायचं, खाली ठेवायचं आणि लगेच हात धुवायला उठायचं नाही, एवढंच. ओम समोर वाटीचमचा वाजवत बसला होता.

तिनं फूल ठेवलं. हात मांडीवर आणले. आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

"आई, ओमला काही होणार नाही ना?"

शिकवल्याप्रमाणं सुवर्णा म्हणाली, "हे वैशू विचारतेय का भुंगा?"

"मी विचारतेय! सांग ना!"

"मी इथं बसलेय तुझ्याजवळ."

"एकदाच सांग. शेवटचं. तुझी शप्पत!"

सुवर्णानं मान खाली घातली. पोरगी रडायला लागली, मग ओरडायला. "तू माझी आई नाहीस! तुला फक्त ओम पाहिजे!" सुवर्णाला वाटलं, तोंड उघडावं आणि दोन शब्द टाकावेत. दोनच तर शब्द. डॉक्टरला काय जातंय सांगायला, त्यांची पोर थोडीच आहे. दारात उभ्या असलेल्या गोरक्षला ते बघवेना.

"अगं, सांगून टाक ना तिला! काय दगड हेस का तू?"

"तुम्ही बोलू नका," सुवर्णा म्हणाली. आवाज तिचाच होता पण तिला ओळखू आला नाही. "बसायचं तर इथं येऊन बसा."

गोरक्ष आला आणि खाली बसला. काय करावं ते न सुचून त्यानं सकाळी टेम्पो अशोक स्तंभापाशी पंक्चर झाला तेव्हा रस्त्यात टोमॅटो कसे घरंगळले, ते सांगायला सुरुवात केली. कोणी ऐकत नव्हतं, तरी तो सांगत राहिला. ट्रॅफिक पोलीसच टोमॅटो गोळा करायला लागला, इथपर्यंत आला तेव्हा सुवर्णाच्या ध्यानात आलं की रडणं थांबलंय. वैष्णवीचा श्वास अजून उचक्यांनी येत होता, पण तिची नजर बापाकडं होती.

"मग?" ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं जांभई दिली आणि भूक लागली म्हणून सांगितलं. हात धुतले ते जेवणापुरते. जेवणं झाल्यावर सुवर्णा मागच्या दारी जाऊन एकटीच पोटभर रडली.

रोज असं झालं नाही. काही दिवस पार वाईट गेले. परीक्षेच्या दिवसांत भुंगा दुपटीनं आला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तेव्हा वैष्णवीनं ती हातात घ्यायला नकार दिला, कारण गोळीलाही औषधच म्हणत होते. "हे टमाट्यावरचं औषध नाही," हे समजवायला डॉक्टरांनाही बराच वेळ लागला. सिंधुबाई मधूनच चुकून उत्तर देऊन बसायच्या आणि जीभ चावायच्या. सुवर्णाची धास्तीही सहजासहजी गेली नाही. वैष्णवी ओमला उचलायला लागली तरी आईचे डोळे तिच्या मागं मागं जायचे. पोरीच्या लक्षात येईल म्हणून ती मुद्दाम पाठ करून बसायची, नि पाठीतूनच ऐकायची.

पुढच्या वर्षी वैष्णवी सातवीत गेली. दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. एकदा परत येताना मोटरसायकलवर ती आईच्या पाठीला टेकून म्हणाली, "अजून येतो कधी कधी."

"मग?"

"मग काय. येतो, फिरतो, नि जातो. मी त्याच्याशी बोलत नाही."

सुवर्णाला खूप काही विचारायचं होतं. किती वेळा येतो, कधी येतो, आता आला का. तिनं विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात एका दुपारी पलीकडच्या मळ्यातली सरुबाई दारात येऊन उभी राहिली. आत कोण कोण आहे ते बघून घेतलं तिनं आधी. तिचा मुलगा महिनाभर शाळेत गेला नव्हता, सकाळ झाली की पोट धरून रडायचा, आणि पोटात काही निघत नव्हतं. घरच्यांनी मारून झालं होतं. सुवर्णाताईंच्या पोरीला कुठंतरी दाखवलं होतं असं तिच्या कानावर आलं होतं, पण विचारायचं कसं म्हणून ती दोनदा कुंपणापासूनच मागं गेली होती.

"कुठून सांगू तेच कळत नाय, ताई," ती म्हणाली.

सुवर्णानं तिला आत घेतलं आणि बसायला पाट सरकवला. "कुठूनही सांगा," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.